शिवणीतली माया

शिंप्यांच्या बोलीत 'माया' असा एक शब्द आहे. दोन तुकडे जोडताना टिपेच्या पलीकडे, आतल्या बाजूला, जे कापड मोकळे सोडतात ती माया. बाहेरून ती दिसत नाही, कपड्याच्या रूपात तिने काही भर पडत नाही, आणि काटकसरी गिऱ्हाइकाला तर ते कापड वाया गेल्यासारखेच वाटते. पण पोर वाढले, माणूस अंगाने सुटले, किंवा एकाचा कपडा दुसऱ्याच्या अंगावर चढवायची वेळ आली, म्हणजे शिंपी पहिल्याप्रथम कपडा उलटा करून पाहतो तो माया किती ठेवली आहे हेच. बगलेत बोटभर, पाठीच्या मधल्या शिवणीत दोन बोटे आणि खालच्या दुमडीत चांगली चार बोटे माया असावी, असा जुन्या कारागिरांचा रिवाज होता. आज दुकानात टांगलेला तयार कपडा उलटा करून पाहा. काठ कातरत कातरतच यंत्राने शिवलेली ती शिवण पुष्कळदा करंगळीच्या नखाएवढीही भरत नाही.

त्या दोन बोटांच्या कापडावर आपल्या घरांतले कपडे एका पिढीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर जात असत. आजीचे लुगडे नातीचा परकर होई, आजोबांचे धोतर पणतवंडांची दुपटी होई, थोरल्याचा सदरा धाकट्याच्या मापाचा होई, आणि यात कोणाला काही विशेष वाटत नसे. आता हेच काम परदेशी नावाने, चकचकीत दुकानांतून, मोठ्या कौतुकाने चालते. कौतुक होऊ नये असे मी म्हणत नाही. पण जुन्याचे नवे करणे म्हणजे काय, त्यात नेमकी कला कोणती आणि माणुसकी कोणती, हे मला उमगले ते एका साध्या दुकानाच्या फळीवर बसून. आणि ते दुकान हुबळीत आहे.

कोल्हापूरच्या गाणाऱ्याला हुबळी-धारवाड काही परके नाही. अल्लादिया खाँसाहेब आपल्या दरबारी होते, आणि त्यांचे पुत्र मंजी खाँ व भुर्जी खाँ यांच्याकडून ती गायकी उचलली धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी. तेव्हापासून गाण्याचा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे. मलाही शिष्यांच्या आणि परीक्षांच्या निमित्ताने वर्षातून दोन-तीन खेपा होतातच. ही दोन गावे १९६२ साली एका महापालिकेखाली आली आणि २०१४ पासून हुबळीचे सरकारी नाव हुबळ्ळी झाले. आपल्या घरांत मात्र अजून हुबळीच चालते, म्हणून मीही तसेच लिहितो. तेथे नामदेव शिंपी समाजाची आणि भावसारांची जुनी घरे आहेत. गिऱ्हाइकाशी कानडी, घरात मराठी आणि देव्हाऱ्यात पंढरीचा विठोबा. अशाच एका घरातले माझे हे मास्तर. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत दोन यंत्रे, एक कापायचे टेबल आणि एक फळी एवढाच त्यांचा संसार. तेही मास्तर आणि मीही मास्तर, तेव्हा घोटाळा नको म्हणून ते मला बुवा म्हणतात.

नवे कपडे शिवायला त्यांच्याकडे आता फारसे कोणी येत नाही. येतात ते जुने घेऊन. मी बसलो असताना एक आजीबाई आल्या. पिशवीतून त्यांनी आपल्या आईचे नऊवारी इरकली लुगडे काढले. गर्द हिरवे अंग आणि तांबडा पदर. म्हणाल्या, "मास्तर, नेसायला ते राहिलेलं नाही आणि टाकायला माझा हात होत नाही. नातीला काही होईल का बघा."

मास्तरांनी लुगड्याला हातही लावला नाही. म्हणाले, "अक्का, आधी पोरीला घेऊन या. लुगडं काय, कुठं पळत नाही."

संध्याकाळी आठ वर्षांची पोर आली. मास्तरांनी गळ्यातली फीत काढली, कंबर घेतली, उंची घेतली, छाती, बाही, गळा सगळे वहीत लिहिले, पोरीला चालायला लावले, मांडी घालून बसायला लावले, आणि मग लुगडे उलगडले. हा क्रम ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे मला पुढे यायचे आहे.

जुने कापड कापण्याआधी वाचावे लागते. मास्तरांनी ते हात-हात करून उजेडासमोर धरले. सुताचे अंग जेथे विरले होते तेथून उजेड चाळणीसारखा येत होता. नऊवारी कोठे झिजते हे त्यांना तोंडपाठ आहे: बसायच्या जागी, कासोट्याच्या ओढीवर आणि टाचेशी. जो भाग नेसताना आतल्या पदरात राहतो, तो वर्षानुवर्षे ऊनवारा न लागता जवळजवळ कोरा असतो. खडूने त्यांनी विरलेल्या जागांभोवती रेघा ओढल्या, आणि मग जे उरले त्यात त्या पोरीला बसवायला सुरुवात केली. नव्या तागात शिंपी राजा असतो, वाटेल तेथे कातर घालतो. जुन्यात कापड सांगेल तेथूनच वाट काढायची.

लुगड्याला दोन काठ असतात आणि पन्हा सुमारे अठ्ठेचाळीस इंचांचा. खालचा काठ परकराच्या घेराला ठेवून चौतीस इंच उंची घेतली, कारण कमरेच्या नेफ्याला आणि आत घालायच्या टिपांना जागा लागते. वर उरली चौदा इंचांची पट्टी, तिला लुगड्याचा वरचा काठ. त्या पट्टीतून पोलके, आणि काठ नेमका बाह्यांच्या तोंडाशी. पदराच्या रेशमाचा एक तुकडा गळपट्टीला. एक चिंधी म्हणून वाया गेली नाही असे मी लिहिले असते, पण ते खरे नाही. विरलेल्या भागाची चांगली ओंजळभर रास टेबलाखाली पडली. मास्तर म्हणाले, "तिलाही गिऱ्हाईक आहे, बुवा. उशा भरायला नेतात."

नवखा माणूस जुने कापड शिवायला बसला की बळकटीसाठी टीप बारीक घालतो आणि तेथेच फसतो. बारीक टिपेने विरलेल्या कापडाला भोकांची ओळ पडते आणि पोस्टाच्या तिकिटासारखे ते त्याच ओळीत फाटते. टीप मोठी हवी, धागा सैल हवा, आणि सुई नऊ नाहीतर अकरा नंबरची. सोळा नंबरची सुई कोटाला ठीक. अस्तर लावायचे तर तेही जुनेच, पुष्कळ पाण्यांतून गेलेले. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि जुन्याला ओढून फाडते. ठिगळालाही हाच नियम. आणि सगळ्यांत वेळ खाते ते उसवणे. शिवलेली टीप एक एक धागा तोडून, कापडाला इजा न करता, उलट दिशेने काढत जायची. शिवण्याच्या दुप्पट वेळ त्याला लागतो, आणि उसवण्याची मजुरी द्यावी असे कोणत्याच गिऱ्हाइकाला वाटत नाही. चांगले शिंपी हे काम का नाकारतात याचे कारण एवढेच आहे. तयार झबले बाजारात ज्या पैशांत मिळते त्यापेक्षा जुन्याचे झबले करवून घेणे महाग पडते. मग ते करावे ते कशासाठी, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत नाही.

"तुम्ही चाल बसवता तसंच हे," असे मास्तर म्हणाले आणि मला हसू आले, कारण उदाहरण त्यांच्याच मुलखातले होते. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते बेळगावकडच्या गुर्लहोसूरला. १८८० साली पुण्यात त्यांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हा त्यातल्या कितीतरी पदांना अंग होते ते जुन्या कर्नाटकी चालींचे. चाल जुनी, शब्द नवे. जेथे शब्द आखूड तेथे तान दुमडायची, जेथे लांब तेथे सोडायची. पण हे विषयांतर झाले.

इरकली लुगड्याची घडणच अशी आहे की ते एकदम मरत नाही. आज बागलकोट जिल्ह्यात असलेल्या इलकल गावचे हे विणकाम. अंगाचा ताणा सुती, काठाचा रेशमी, आणि पदराचा तर ताणाच निराळा, रेशमाचा. तो अंगाच्या ताण्याला एकेका धाग्याचा फासा घालून जोडतात. म्हणजे हे लुगडे मुळातच जोडलेले. सूत आधी जाते, रेशीम मागून. अंग विरून गेलेल्या लुगड्याचे काठ आणि पदर पुष्कळदा जसेच्या तसे असतात, आणि आपल्या आज्या ते काढून दुसऱ्या अंगाला लावीत. त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या खणाची गोष्ट आणखी निराळी. खण विणतानाच चोळीच्या मापाने विणलेला, दोन्हीकडे काठ; कापणारी बाई हुशार असली तर काठ बाह्यांवर यायचे आणि उरायची ती बोटभर चिंधी. अशी चोळी उसवली की खण पुन्हा जवळपास पुरा होतो.

आणि धारवाडची कशिदाकारी, कसुती. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती, सारे धागे मोजून काढलेले, कापडावर आधी न आखता. तिच्यात गाठ मारत नाहीत, आणि तिच्या 'गवंती' टाक्याची उलट-सुलट बाजू सारखीच असते. काळ्या चंद्रकळेवर अशी कसुती भरून लग्नात देत. चंद्रकळा विरली तरी कसुतीखालचे कापड टाक्यांनीच धरून ठेवलेले असते. मास्तरांच्या फळीवर मी असा एक तुकडा पाहिला: सगळे लुगडे गेलेले, आणि हाताएवढ्या काळ्या चौकोनावर एक रथ शाबूत. तो आता कोणाच्या तरी कुडत्याच्या पाठीवर बसायचा होता.

पुरुषांच्या कपड्यांत ही विद्या सर्वांत उंच गेली ती कोट उलटवण्यात. लोकरी कापडाची बाहेरची बाजू झिजून चकाकू लागली की सबंध कोट उसवायचा, प्रत्येक तुकडा उलटा करायचा आणि आतली ताजी बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा. चांगल्या कारागिराने केलेले हे काम ओळखू येत नाही. फक्त छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे जातो आणि काजांची जागा बदलते. माझे वडील दरबारी गवई. पोरवयात नोकरीला लागले आणि १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबार राहिला नाही, काळा लांब कोट मात्र राहिला. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. मला आठवतो तो कोट उजव्या खिशाचा. मैफलीला जाताना ते त्या खिशावर उपरणे घेत, आणि मला बरीच वर्षे वाटे की ती दरबारची रीत असेल. पुढे त्याच कोटाचे माझे जाकीट झाले. त्यात पाठीच्या शिवणीतली माया उघडली तेव्हा आतली पट्टी अगदी कोळशासारखी काळी निघाली. तेवढ्याच पट्टीवरून कळले की कोट मूळचा किती काळा होता.

हे गरिबीचे चाळे होते असे कोणी समजू नये. युद्धकाळात १९४३ साली विलायतेच्या सरकारने जुन्याचे नवे कसे करावे याची पुस्तिका काढून घरोघर वाचायला लावली, आणि त्याच साली आपल्याकडे कापडावर सरकारी नियंत्रण आले. पुस्तिका आपल्या बायकांना लागली नाही. त्यांना ते येत होते.

शिवाय आपल्याकडे माणसाच्या अंगाला लागणारे पहिले वस्त्र जुनेच असते. बाळंतिणीच्या खोलीत कोरे कापड नेत नाहीत. आजीचे पातळ, आजोबांच्या फेट्याची मलमल, शंभरदा धुतल्याने खळ आणि राठपणा गेलेली, तिचीच झबली-दुपटी होतात. नवे कपडे, जरीची कुंची वगैरे सारे बारशापासून पुढे. म्हणजे राजाचा असो की रंकाचा, प्रत्येकाने जन्मतः दुसऱ्याचे जुने अंगावर घेतलेले आहे, आणि त्यात अपमान कोणाला वाटला नाही.

मग अपमान सुरू कोठे होतो? मला वाटते, तो माप न घेता दिलेल्या कपड्यात सुरू होतो. आपल्या वाड्यांतून दिवाळीला मोलकरणीला जुने लुगडे, गड्याला जुना सदरा देण्याची चाल होती. कित्येक घरांत अजून आहे. देणाऱ्याच्या मनात वाईट नसे हे मी कबूल करतो. पण तो सदरा गड्याच्या खांद्यावरून ओघळत असे, बाह्या कोपराखाली लोंबत, आणि चार माणसांत तो उभा राहिला की हा सदरा मालकाचा हे न सांगता कळे. तो सदरा त्याचा कधी झालाच नाही. घरातल्या धाकट्याला थोरल्याचा सदरा देताना मात्र तीच आई रात्री दिव्याखाली बसून बाह्या आखूड करी. कापड तेच, जुनेपण तेच. एकाच्या अंगाचे माप घेतले, दुसऱ्याचे घेतले नाही.

याच्या मागे जुना आणि कडू इतिहास आहे, आणि आपल्यासारख्या वाचकांनी तो डोळ्यांआड करू नये. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रे कोणती, तर मेलेल्यांची, असे स्पष्ट लिहिले आहे. ती स्मृती महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळली गेली. आणि त्याच महाडला, दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी बोलले ते नेसण्याविषयी. लुगडे इतर स्त्रियांसारखे पायघोळ नेसा, ठिगळे असली तरी चालतील पण कपडा स्वच्छ असू द्या, असा त्यांचा रोख होता. ठिगळाला त्यांनी नावे ठेवली नाहीत हे मला मोठे वाटते. ठिगळ आपल्या हाताने, आपल्या कपड्याला लावलेले असते. मेलेल्याचे वस्त्र दुसऱ्याने अंगावर टाकलेले असते.

गांधीजींपुढेही हाच प्रश्न आला होता. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला परदेशी कपड्यांची होळी पेटली, तेव्हा रवींद्रनाथांना ते रुचले नाही. उघड्या माणसांच्या देशात कापड जाळावे कसे, हा त्यांचा सवाल रास्त होता. गांधीजींनी ऑक्टोबरात 'यंग इंडिया'त जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा की उघड्याला नको असलेले कपडे देऊन मी त्याचा अपमान करणार नाही. त्याला काम देईन, आणि द्यायचे तर माझ्यातले उत्तम देईन, उतरलेले नव्हे. होळीच्या बाबतीत माझे मन रवींद्रनाथांकडे झुकते. उतरलेल्या कपड्यांच्या बाबतीत गांधीजींकडे.

धारवाडहून पश्चिमेला हल्याळकडे गेले की सिद्दी वस्त्या लागतात. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. त्यांना जुन्या कपड्यांची दानत लोकांनी पुष्कळ दाखवली असेल, पण त्यांच्या बायकांनी त्या कपड्यांचे जे केले ते पाहण्यासारखे आहे. आपण जिला वाकळ किंवा गोधडी म्हणतो आणि कानडीत कौदी म्हणतात, तिला त्या कवंदी म्हणतात. आपली गोधडी आधी अंथरून मग शिवली जाते. कवंदी कोपऱ्यापासून सुरू होते, कडेकडेने तुकडे लावत धावदोरा आत आत वळत जातो आणि मध्यावर येऊन थांबतो. रंगांची निवड बेधडक. ख्रिस्ती बाईच्या कवंदीत कधी क्रूस दिसतो, मुसलमान बाईच्या चंद्रकोर. आणि चारी कोपऱ्यांना तिकोनी घड्यांचे छोटे तुकडे लावतात, त्यांना म्हणतात फुले. फुले लावली नाहीत तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. पांघरुणालासुद्धा अंग झाकायला काही हवे, हा विचार कोणा शास्त्रकाराला सुचला नसता. २०११ साली या कवंद्यांचे प्रदर्शन न्यूयॉर्कला, हार्लेममधल्या शॉम्बर्ग केंद्रात भरले होते. आपल्या घरची वाकळ मात्र पाहुणे आले की आपण माळ्यावर टाकतो.

माळ्यावर टाकतो, नाहीतर बोहारणीला देतो. बोहारीण आता पूर्वीसारखी दारोदार ओरडत येत नाही, पण आहे. तिचे कापडाचे ज्ञान कोणत्याही दुकानदाराला लाजवील असे. बोटांत चिमटीने धरून ती सूत, रेशीम आणि बनावट धागा क्षणात ओळखते. खऱ्या जरीचे लुगडे असले तर पूर्वी ते जाळून चांदी काढण्यासाठी जात असे. कितीतरी पैठण्या अशा मुशीत गेल्या. आता तिची तक्रार उलट आहे: घरोघर निघते ते सारे पॉलिएस्टर. ते फाटत नाही, विरत नाही, आणि म्हणून मऊही होत नाही. त्याचे दुपटे होत नाही, कारण ते ओल टिपत नाही. त्याचे अस्तर होत नाही, कारण कापले की धागे सुटत जातात. सुती लुगडे म्हातारे होते तसे ते होत नाही. जसेच्या तसे राहते आणि कोणाच्याच कामाचे नसते.

लोकरीचे कपडे निदान पानिपतला जातात. थंड देशांनी टाकलेले कोट आणि स्वेटर तेथे गठ्ठ्यांनी येतात, बटणे काढून रंगवारीने निवडले जातात, यंत्रात ओरबाडून त्यांचा पुन्हा धागा होतो आणि त्या धाग्याची स्वस्त ब्लँकेटे. भूकंप, महापूर झाला की वाटली जातात ती ब्लँकेटे बहुधा हीच. काम उपयोगाचे आहे, पण तो शिवणकामाचा विषय नाही. तेथे कपडा पुन्हा कापूस होतो.

गंमत म्हणून एक सांगतो. जे वस्त्र पुन्हा कशाचेही करायचे नाही असा देशाचा दंडक आहे, ते याच हुबळीत शिवले जाते. बेंगेरीच्या खादी संघात राष्ट्रध्वज तयार होतो. ध्वज फाटला किंवा विटला तर त्याचा रुमाल नाही, उशी नाही, पोशाख नाही. एकांतात, शक्यतो अग्नीला देऊन, सन्मानाने निरोप. २०२१ च्या डिसेंबरअखेर नियम बदलून पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर विणलेल्या ध्वजालाही परवानगी मिळाली, आणि बेंगेरीच्या खादीवाल्यांना ते लागले. मास्तरांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "झेंड्याच्या शिवणीत माया ठेवून उपयोग नाही, बुवा. त्याला कोण वाढणार आहे?" मी त्यावर विचार करीत बसलो आणि ते काजे करू लागले.

आता त्या चकचकीत दुकानांविषयी. खणाची जाकिटे, इरकलीचे कुडते, पैठणीच्या पिशव्या यांनी धारवाडची आणि आपलीही बाजारपेठ भरली आहे. जुन्या कपड्यांना नव्या मुलींनी हात लावला, हे चांगलेच झाले. दिल्लीत १९९९ साली सुरू झालेल्या 'गूंज' संस्थेने तर टाकाऊ कापडाचे काम इतक्या शिस्तीने केले की तिच्या संस्थापकांना, अंशू गुप्ता यांना, २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकऱ्यांनी आपल्या गावाचे काम करावे आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत, ही त्यांची रीत गांधीजींना पटली असती. पण एका गोष्टीला माझी हरकत आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात नेसण्याजोगी, एक धागा न तुटलेली शालू-पैठणी 'नवे काहीतरी' म्हणून कातरीखाली गेली आणि तिच्यातून तीन जाकिटे निघाली. याला काटकसर म्हणू नये आणि कलाही म्हणू नये. मास्तरांचा नियम सरळ आहे: नेसता येते तोवर नेसायचे, विरले की कापायचे, आणि कापायचे ते कोणासाठी हे आधी ठरवायचे. कोणाच्या मापाचे नसलेले जाकीट खुंटीवर लटकते. ते जुन्याचे नवे झाले असे म्हणता येत नाही.

आणखी एक खंत आहे ती हातांची. मास्तरांचा मुलगा हुबळीतच एका मोठ्या दुकानात नोकरीला आहे. तेथे तो तयार विजारी खालून आखूड करून देतो; दिवसाला पुष्कळ होतात. उसवायला तो शिकला नाही, कारण त्या विजारींत उसवून काढण्यासारखे काही नसते. गाण्यात निदान आम्ही ध्वनिमुद्रिका ठेवतो. कापड उजेडासमोर धरून कोठे कापायचे हे ठरवणारी नजर कशात ठेवणार?

तो परकर चौथ्या दिवशी झाला. मी निघायच्या गडबडीत होतो, पण पोरीला तो घालून पाहण्यासाठी थांबलो. हिरवे अंग, काठ घोट्याशी, बाह्यांवर दुसरा काठ, गळ्याला पणजीच्या पदराचे तांबडे रेशीम. पोर गोल फिरली आणि घेर बरोबर उठला. आजीबाईंनी पहिल्यांदा काय केले असेल तर परकराचा खालचा काठ उलटून आत पाहिले. मास्तरांनी आतून तीन टिपा घातल्या होत्या, प्रत्येकीत इंचभर कापड दुमडलेले, आणि नेफ्यात दोन बोटे माया. आजीबाई कानडीत काहीतरी बोलल्या, मास्तर मराठीत म्हणाले, "पहिली टीप पुढच्या दिवाळीला उसवायची, अक्का. ब्लेडनं नाही. माझ्याकडं आणायची."